गच्चीला काय लावायचं

बाबा, गच्चीला काय लावायचं ते तुला विचारायचं होतं. तू जाऊन बावीस वर्षं झाली आणि मी पन्नाशीला आले, तरी असले प्रश्न अजून तुलाच विचारावेसे वाटतात. नेरूळच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. रविवारची दुपार आहे. समोर तीन कंपन्यांची वॉटरप्रूफिंगची माहितीपत्रकं पडली आहेत. पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर आपल्या वरच्या स्लॅबचा मुठीएवढा तुकडा ठेवलाय. काल घरून येताना पिशवीत टाकून आणला. पहिल्या पत्रकावर निळं आभाळ, पांढरीशुभ्र गच्ची आणि चहाचा कप घेऊन उभी असलेली एक बाई. आपल्या गच्चीवर कुणी बाई कप घेऊन उभी राहिल्याचं मला आठवत नाही. आई वर जायची ती बोंबील वाळत घालायला, मिरच्या पसरायला आणि कावळ्यांना शिव्या द्यायला. दुसऱ्या पत्रकात म्हटलंय, उन्हाने तडकत नाही. तिसऱ्यात म्हटलंय, आतली ओल बाहेर पडू देतं पण बाहेरचं पाणी आत घेत नाही. दादा सकाळी ही पत्रकं ठेवून गेला. जाताना म्हणाला, "गच्चीचा तूच बग, बाय. पयल्यापासून तुजाच खाता हाय तो." त्यात टोमणा नव्हता. दादा मला कधी टोमणे मारत नाही, आणि तेच मला जड जातं.

शिरवण्याचं आपलं घर तू कसं बांधलंस ते माझ्याइतकं कुणालाच आठवत नसेल. आधी शेत गेलं, मग मिठागर गेलं, आणि तू औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमनची टोपी घालून उभा राहिलास. पण अर्धा जन्म मिठागरावर गेलेला, जिभेची सवय थोडीच जाते? कोंडीतलं पाणी मीठ धरायला आलं की नाही ते तू चाखून सांगायचास, आणि घर बांधायला काढलंस तेव्हा रेतीही चाखलीस. त्या दिवसांत गावात जो तो खाडीचीच रेती वापरायचा. भावकीतल्या एकाची होडी होती, ती रेती आणून टाकायची आणि लोक ती तशीच सिमेंटमध्ये कालवायचे. तू एकट्याने ती धुवायला काढलीस. भाताच्या खाचराला घालतात तसे अंगणात मातीचे बांध घातलेस, खाली प्लास्टिक अंथरलंस, पाणी जायला एका कोपऱ्यात पाइपचा तुकडा ठेवलास. त्यात रेती पसरायची, वरून गोडं पाणी सोडायचं, फावड्याने हलवायचं, पाणी काढून टाकायचं आणि पुन्हा सोडायचं. गाव हसायचं. समोरचे काका ओट्यावर बसून विचारायचे, "रेती झाली का रं धून? आता खडीला साबन लाव." तू म्हणायचास, "मिठान लोखंड किती दिवस टिकतो ते मना इचार. मिठाचा घर नाय बांधाचा मना."

खालचा स्लॅब भरायचा होता तेव्हा मी सहावीत होते. दादा दहावीत, आणि त्याचं सगळं चित्त क्रिकेटात. म्हणून रेतीचं काम तू मला दिलंस. सकाळी गावच्या नळाला तासभर पाणी यायचं, तेवढ्यात पिंप भरायचं आणि दुपारभर रेती धुवायची. पहिल्याच आठवड्यात मी आळस केला. काढलेलं खारं पाणी गटारापर्यंत न्यायचा कंटाळा आला, म्हणून ते शेवग्याच्या आळ्यात ओतत गेले. शेवगा आधी पिवळा पडला, मग वाळला. तू मला त्याच्या बुंध्याशी नेऊन उभं केलंस. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. तू फक्त एवढंच म्हणालास, "मिठागरावल्याची पोर ना तू? मीठ झिरपला म्हंजे गेला असा वाटतं तुना? मीठ कुठं जात नाय, बाय. आत बसून ऱ्हातो आनि खातो." आईने त्या शेवग्याच्या शेंगांचं नाव काढून मला वर्षभर बोलणी घातली. तुझं ते एक वाक्य मात्र मला आईच्या सगळ्या बोलण्यांपेक्षा जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी तू मला चाखायला शिकवलंस. चिमूटभर धुतलेली रेती जिभेच्या शेंड्यावर ठेवायची, तोंड मिटून पाच आकडे मोजायचे आणि थुंकायची. थुंकल्यावर जिभेवर काही उरलं तर अजून एक पाणी. काही उरलं नाही तर अळणी, ढीग पास. पहिले काही ढीग तू स्वतः चाखलेस, मग आधी मी आणि मागून तू, आणि एक दिवस कामावरून आल्यावर तू नुसतं विचारलंस, "चाखलीस ना?" मी म्हटलं, "चाखली. अलनी हाय." तू टोपी खुंटीला लावत म्हणालास, "तू चाखलीस म्हंजे मी चाखली." सहावीतल्या पोरीला त्या वाक्याने केवढं मोठं केलं होतं ते तुला माहीत नाही. मी दुसऱ्या दिवशी शाळेत दोन वेण्यांऐवजी एकच वेणी घालून गेले.

वरचा मजला चढायला दोन वर्षं लागली. मी आठवीत आहे. अंगणात पुन्हा बांध, पुन्हा रेतीचे ढीग, पुन्हा माझ्या बोटांना भेगा. उन्हाळा सरायच्या आत स्लॅब भरायचा आहे. स्लॅबच्या दिवशी पहाटेच नारळ फुटला आहे, बायका एका रांगेत उभ्या राहून घमेली वर चढवताहेत, मागच्या अंगणात आई आणि आत्या तांदळाच्या भाकऱ्या थापताहेत, मटणाचं पातेलं चुलीवर आहे. दुपारी शेवटचं घमेलं वर जातं. तू मला हाक मारतोस. वर सगळे मजूर, भावकीतले चारजण, गवंडी. तू म्हणतोस, "या घराची रेती माज्या पोरीने धुतलेली हाय. जा, बाय, हात उमटव हितं." कठडा येणार त्या कोपऱ्याशी तू ओलं सिमेंट थापीने सारखं करून दिलं आहेस. मी वाकून उजवा तळवा दाबते. दाबून पटकन उचलते. तू हसतोस आणि म्हणतोस, "गार लागला काय?" मी हो म्हणते. जेवायला बसल्यावर तू माझ्या ताटात स्वतःच्या हाताने नळी वाढलीस, आणि ती मी गुपचूप दादाच्या ताटात सरकवली.

तू होतास तोवर गच्चीला काही लावावं लागलं नाही. पावसाआधी तू कडेने मातीचा बारका बांध घालायचास, गच्चीभर पाणी कोंडायचास आणि खाली येऊन छताला हात पुसून बघायचास. हात कोरडा निघाला की आईला म्हणायचास, "झोप आता बिनघोर." मग तुला ते पोटाचं दुखणं लागलं आणि तूच खाटेवर आलास. दिवसभर उताणा पडून छताकडे बघायचास. एक दिवस तुझ्या डोक्यावर, सळीच्या रेषेत, तांबूस ओघळ दिसला. मी पेजेची वाटी घेऊन आले होते. तू बोटाने वर दाखवलंस आणि हळूच विचारलंस, "बाय, वरची रेती अलनी होती ना?" मी चमचा वाटीत फिरवत म्हटलं, "होती, बाबा. मी चाखली होती." तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "मग पानी वरशी येत आसल. डांबर मार." तुझ्याकडून मिळालेलं ते शेवटचं काम. तू गेल्यानंतर महिन्याच्या आत मी डांबर मारून घेतलं, आणि पहिला हात कोपऱ्यातल्या त्या तळव्यावरून फिरवायला लावला.

तेव्हापासून मी गच्चीला काय काय लावलं ते ऐक. डांबराने पहिली दोन वर्षं बरी काढली. मेमध्ये ते वितळायचं, आईच्या टाचांना चिकटायचं, आणि सुक्या बोंबलांना डांबराचा वास लागायचा. आई म्हणायची, "ह्या गच्चीवर आता फक्त तुजा डांबरच वालतो." मग विटांच्या तुकड्यांचा कोबा केला. गवंड्याने कडेला, कठड्याच्या सांध्यात, सुरेख गोल वाटा काढला, उतार धरला, पाणी कोंडून दाखवलं, एक थेंब खाली आला नाही. तरी पुढल्या वर्षी आईच्या खोलीत ओघळ होताच, आणि कोब्याचं सगळं ओझं त्याच स्लॅबच्या उरावर. मग बाजारात ते पांढरं, रंगासारखं लावायचं वॉटरप्रूफिंग आलं. कंत्राटदार गोड बोलणारा होता. "मॅडम, टेन्शन नका घेऊ. हे लावलं की वर स्विमिंग पूल बांधा." मी एव्हाना या गोष्टीत मुरले होते. संध्याकाळी गच्चीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला, सकाळी काढला तर खाली दव जमलेलं. म्हणजे आत ओल आहे, थांबायला हवं. मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, "सुकेल की." मीही म्हटलं, सुकेल. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तसं झालं. वर्षाच्या आत त्या पांढऱ्याला पापडासारखे फुगे आले आणि फोडला की प्रत्येक फुग्यातून पाणी.

हल्ली कॉलेजच्या ऑफिसात, जिथे मी कारकुनी करते, तिथले प्राध्यापक त्यांच्या सोसायटीच्या गच्चीसाठी मला विचारतात. मी त्यांना सगळं नीट सांगते. भेग आधी खोदून रुंद करा, मग भरा. एक हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा. कठड्याला वीतभर वर न्या. उन्हाच्या गच्चीला हे, कुंड्या ठेवायच्या असतील तर ते. आणि सगळ्यात आधी पाणी कुठून येतंय ते बघा, नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी व्हायचं. ते माना डोलावतात. एका मॅडमनी तर दिवाळीला मिठाईचा डबा आणून दिला. मी तो घेतला, घरी आणला, आणि आईच्या खोलीत बसून तिच्यासोबत खाल्ला. वर ओघळ होता.

पाणी कुठून येतंय ते मला कळलं त्या दिवसाबद्दल लिहायचं टाळत होते. चार वर्षांपूर्वीचा मे महिना. सहा-सात महिन्यांत पावसाचा टिपूस नाही, गच्ची तव्यासारखी तापलेली, आणि आईच्या छताला नवा तांबूस ओघळ. त्याच्या कडेने पांढरा भुरभुरीत लोणा. मिठागरावरच्या माणसाच्या पोरीला लोणा ओळखायला इंजिनिअर लागत नाही. भर उन्हाळ्यात, थेंबभर पाणी नसताना सळी गंजत होती. मीठ आत होतं आणि ते बसून खात होतं, तू शेवग्यापाशी म्हणाला होतास तसंच. त्या दिवशी मी दादाला एवढं जरी म्हटलं असतं, की वरून काही लावून भागणार नाही, आतून तपासू, तर आईला खालच्या खोलीत हलवलं असतं. मी काय केलं? खरवडणी आणली, लोणा खरवडला, छताला चुन्याचा हात मारला. आईने विचारलं, "यंदा वर काय लावतीस?" मी म्हटलं, "बघते, आई. नवीन चांगलं आलंय बाजारात."

गेल्या वर्षी, श्रावणातल्या एका दुपारी, आई खाटेजवळ जमिनीवर बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी ऑफिसात होते. खाली राहणाऱ्या भाडेकरू बाईने आवाज ऐकला, ती धावत वर गेली. छताचा दाराएवढा पापुद्रा आईच्या खांद्यावर आणि कमरेवर आला होता. सूप तसंच मांडीवर, तांदळात सिमेंट. हॉस्पिटलात तिने मला पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? "तांदूल वाया गेला ग." खुब्याचं ऑपरेशन झालं. घर बंद करावं लागलं, म्हणून दादाने हा फ्लॅट भाड्याने घेतला, आणि आई या समोरच्या खोलीत दीड महिना झोपून राहिली. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची गच्ची दिसते. ती रोज विचारायची, "आपले गच्चीला काय लावलंस? सुकला का? मना कवा नेतीस?" मी रोज काहीतरी सांगायचे. आज पहिला हात झाला. आज दुसरा. आता वाळतंय. शेवटच्या आठवड्यात तिने विचारणं सोडलं. गेली त्या सकाळी माझा हात धरून नुसती छताकडे बघत होती, इथल्या कोऱ्या, पांढऱ्या, परक्या छताकडे.

ती आजारी असतानाच दादाने घराची तपासणी करून घेतली होती. एक तरुण इंजिनिअर बाई आल्या. हातोडीने ठोकत फिरल्या, यंत्राने स्लॅबचे गोल तुकडे कापून नेले. पंधरा दिवसांनी अहवाल घेऊन आल्या तेव्हा दादा आणि मी दोघंही होतो. त्या म्हणाल्या, "खालचा स्लॅब छान आहे, त्या काळातलं इतकं चांगलं काम मी या गावांत फार बघितलेलं नाही. पण वरच्यात मीठ खूप आहे. एकाच घरात असं सहसा होत नाही. रेती वेगळी होती का?" दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी तेव्हा लहान होते." त्या बिचाऱ्या ओशाळल्या. म्हणाल्या, "हो, बरोबर, तुम्हाला कसं आठवणार. आता वर काहीही लावू नका. हा स्लॅब काढून नवाच टाकावा लागेल."

आईच्या तेराव्याला शिरवण्याच्या घराच्या अंगणात भावकी जमली होती. पंगत बसली. कुणीतरी घराचा विषय काढला आणि दादाचा बांध फुटला. दादा मोठ्याने बोलणारा नाही, तुला माहीत आहे. पण त्या दिवशी भरल्या पंगतीत बोलला, "खालच्या स्लॅबला सगली रेती धुतली, वरच्याला बहिनीने धुतली तेवडीच, बाकीची तशीच घातली बाबाने. कटालला आसल. ज्याने सगल्या गावाला अक्कल शिकवली त्याच्या मिठान माजी आय खाल्ली." समोरचे काका, तेच, आता पंचाऐंशीचे, काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "आमी हसायचो त्याला. वाटला, एक तरी शाना हाय गावात. त्योबी आमच्यासारकाच निघाला." माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. मी काकांच्या पत्रावळीवर भात वाढला, मग दादाच्या, मग पुढच्या. सगळी पंगत वाढून झाल्यावर अंगणाच्या त्या कोपऱ्यात गेले, जिथे तुझे बांध असायचे, आणि पातेलं घासत बसले. वहिनी म्हणाली, "ताई, ठेवा ते, बाई येईल." मी घासतच राहिले. त्या दिवसापासून दादाने भिंतीवरचा तुझा फोटो उतरवून कपाटात ठेवलाय. विचारलं तर म्हणतो, सामानात मोडू नये म्हणून.

काल स्लॅब पाडायच्या आधी त्याच्यावरचे थर उतरवले. आधी ते पांढरं, मग कोबा, मग डांबर. मी जायला नको होतं, पण गेले. डांबराचा शेवटचा थर कोपऱ्यातून उचकटला तेव्हा खाली तो हात निघाला. तेरा वर्षांच्या पोरीचा तळवा, खड्ड्यात डांबर भरल्यामुळे काळाकुळकुळीत, पाचही बोटं स्पष्ट. दादा माझ्या शेजारी उभा होता. त्याने वाकून बघितलं. मग मजुरांना म्हणाला, "येवडा कोपरा संबालून काढा. बहिनीचा हात हाय." मी त्याला म्हटलं, राहू दे, फोडू दे. तो म्हणाला, "का? तुज्या हातात काय खोट हाय?" मी उतरून खाली आले. जिन्याजवळ पडलेला हा तुकडा उचलला आणि निघाले.

आता सांगते. वरच्या स्लॅबच्या रेतीचे शेवटचे तीन ढीग मी धुतले नव्हते. गावदेवीची जत्रा होती. नळाला दोन दिवस धड पाणी नव्हतं. हातांच्या भेगांत मीठ झोंबत होतं. मैत्रिणी आकाशपाळण्याशी माझी वाट बघत होत्या. ही सगळी कारणं मी इतक्या वर्षांत एकेक करून वापरून पाहिली, एकही पुरत नाही. मी ढिगांवर वरवर चार तांबे पाणी शिंपडलं, फावड्याने कडा सारख्या केल्या, आणि केसांना गजरा लावून जत्रेला गेले. परत आले तेव्हा तू कामावरून आला होतास. टोपी हातात होती. विचारलंस, "चाखलीस ना?" मी म्हटलं, "चाखली. अलनी हाय." तू ढिगाकडे वाकलाही नाहीस. स्लॅब भरायला मध्ये अजून दोन दिवस होते, बाबा. दोन दिवसांत सांगता आलं असतं. तू खाटेवर असताना सांगता आलं असतं. त्या मे महिन्यात सांगता आलं असतं, आणि आई आज कुठल्यातरी गच्चीवर कावळ्यांना शिव्या देत असती. पंगतीत पातेलं खाली ठेवून सांगता आलं असतं. तेरा वर्षांच्या पोरीला तू माफ केलं असतंस, ते मला माहीत आहे. पुढच्या सगळ्या वर्षांतल्या बाईला तू काय म्हटलं असतंस ते मला माहीत नाही.

अजून एक. हे पत्र मी तुला लिहायला घेतलंच नव्हतं. सकाळी दादा गेल्यावर कागद काढला, वर 'दादा' असं लिहिलं, आणि पुढे तासभर हात हलला नाही. मग तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर 'बाबा' लिहिलं, तर हे इतकं सगळं भराभर आलं. तू उठून कपाटातला फोटो भिंतीवर लावणार नाहीस, तेराव्याला आलेल्यांना पुन्हा बोलावणार नाहीस, माझ्याशी बोलणं टाकणार नाहीस. म्हणून तुला लिहिलं. हे कुठे पाठवायचं नाही, हे लिहितानाच ठरलेलं होतं.

लिहिता लिहिता आत्ता दादाचा फोन आला. "बगितलंस का ते? काय लावाचा?" मी सांगितलं, तिसरं लावू, आतली ओल बाहेर पडू देतं ते. स्लॅब भरल्यावर तो नीट मुरू दे, सुकू दे, पाणी कोंडून बघू, मगच हात लावायचा. तो म्हणाला, "रेतीबी तूच बगशील ना? यंदा खाडीची नाय, पन बग." मी म्हटलं, बघते. "नीट बगितलंस ना पन सगला?" मी म्हटलं, हो, बघितलं. दादा म्हणाला, "तू बगितलंस म्हंजे झाला," आणि फोन ठेवला. मी पत्रकांवरचा तुकडा उचलला. त्याच्या फुटक्या कडेला पांढरं काही धरलं आहे. जिभेचा शेंडा लावला, तोंड मिटलं, पाच आकडे मोजले.

खारट आहे, बाबा.